काकूंची खोली आणि अमोलचं पान

१७ जून '९९, गुरु. मेढा

आजपासून मी बाई. वाघमारे बाई. हेडनी आठवी ब समोर उभं केलं, "या नवीन मॅडम, एम.ए. आहेत, यांच्याकडून भरपूर शिकून घ्या" म्हणाले आणि मग स्वतःच घंटा होईपर्यंत बोलले. मी खडू हातात धरून उभी. पहिला तास झाला.

स्टाफरूममध्ये जाधव सर. पेपरातून मान वर न काढता, "किती दिवस राहणार?" म्हटलं, नोकरी लागलीये. "नाही, अमेरिकेत लग्न ठरलंय ना? कळलं." मला मेढ्यात यायला एस.टी. लागली, बातमीला तीही लागली नाही.

खोली मिळाली. बाजारपेठेमागे शिंदेकाकूंकडे, घराच्या मागल्या अंगाला. काकूंनी विचारलं, "गाव कंचं?" कडेगाव. "वडील काय करत्यात?" मिलिटरीतून रिटायर. "मग तर आपलंच मानूस. माझा पोरगा बी मिलिट्रीत हाय." आडनाव ऐकून मान हलवली. आमचं आडनाव बऱ्याच जातींत चालतं. त्यांनी पुढे विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

२० जून, रवि. सातारा

अमोलला पहिली ई-मेल. हे साखरपुड्यातच ठरलं होतं, सांगलीत, मे महिन्यात, दोन्हीकडची माणसं जेवत असताना गॅलरीत. "फोन परवडत नाही, पत्र पोचेपर्यंत शिळं होतं. तू दर रविवारी ई-मेल कर. शाळेचं, घरमालकिणीचं, काय खाल्लंस, सगळं रोजचं." माझं रोजचं कुणाला तरी वाचायचंय, याचं त्या दिवशी बरं वाटलं होतं. लिहून ठेवते. पुढे मलाच खोटं बोलायला नको.

स्टँडमागे, वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास. कदम म्हणून आहे, मालक, शिक्षक आणि झाडूवालाही तोच. मशीन केकाटतं, मग लाइन लागते, मग तुटते. मराठी लिहायचं इंग्रजी अक्षरांत. पाठ, पात, पाट सगळं एकच. एम.ए. मराठी, प्रथम वर्ग, आणि मी 'शाळा' आणि 'शाला' एकसारखं लिहितेय.

कदम मागे उभा. "मॅडम, लई भारी लिहिता." तुम्ही वाचलंत? "नाय. दिसलं."

४ जुलै, रवि.

अ. चं उत्तर आलं होतं. दोन ओळी. "छान वाटलं वाचून. काकूंबद्दल अजून लिही. भाकरी चुलीवर करतात का?"

गॅसवर करतात. कळवलं.

काकूंचं लिहिण्यासारखं आहेच. संध्याकाळी मी उद्याचा पाठ मोठ्यांदा म्हणत बसते, त्या मधल्या दारात येऊन बसतात. मी वर्गाला प्रश्न विचारल्यासारखं करते, उत्तर काकू देतात. बहुतेक चूक. मुलाचं पत्र आलं की माझ्याकडे आणतात. वाचता येतं त्यांना, चौथी झाल्यात. पण म्हणतात, "तुज्या साळंच्या आवाजात वाच की. त्येचं मला धड आयकू येत न्हाई, नुसतं दिसतंय." मी वाचते. 'तीर्थस्वरूप आईस' म्हटलं की पदर सावरून बसतात.

हे सगळं लिहिलं. इंग्रजी अक्षरांत ते निम्मं झालं, तरी बरं झालं.

१५ जुलै, गुरु.

आठवी ब ला निबंध दिला होता, जाधव सरांच्या यादीतला: 'समुद्रकिनाऱ्यावरील सूर्यास्त'. समुद्र बघितलेलं वर्गात कुणी नाही. तरी सगळ्यांचा सूर्य 'सोनेरी किरणांची उधळण करीत' बुडाला. एकाच गाईडात बुडाला. वह्या तपासताना किळस आली.

आज दुसरा दिला. काल घरी काय झालं ते लिहा. मग रेखा म्हणून आहे, पहिल्या बाकावरची, म्हणाली, "बाई, काल कायच झालं न्हाई." तेच लिही म्हटलं. पानभर लिहिलंय तिनं. म्हैस वेळेवर आली नाही, आजी रुसून जेवली नाही, आजीला कोण उठवणार यावरून घरात भांडण. एकही सोनेरी किरण नाही.

हेडना आवडलं नाही. "मॅडम, हे परीक्षेला येत नाही. आणि लोकांच्या घरातलं कशाला बाहेर काढता?" माझ्या पाठांच्या टाचणवहीत मथळ्याला तांबड्या शाईची रेघ नव्हती, तीही दाखवली. रेघेवर जास्त बोलले.

८ ऑगस्ट, रवि. सातारा

नीट लिहायला हवं.

क्लासमध्ये गेले तर कदम हसत होता. "मॅडम, तुम्ही तर इंटरनेटवर." अमोलच्या मेलखाली दर वेळी एक पत्ता असतो, त्याच्या स्वतःच्या पानाचा. मी कधी बघितला नव्हता. कदमनं रिकामपणी टाकून बघितला.

वरून खाली हळूहळू उलगडलं. आधी हिरवं शेत, कुठलं कोण जाणे, आपल्याकडचं नाही. मग माझा साखरपुड्यातला फोटो, मान खाली. मग अक्षरं: 'लेटर्स फ्रॉम माय व्हिलेज गर्ल'.

व्हिलेज गर्ल. कडेगाव मोठं बाजाराचं गाव आहे. आमचं घर स्लॅबचं आहे. कॉलेज मी सांगलीत केलं. पण ते शेत, ती खाली मान, आणि त्याखाली माझ्या सगळ्या मेल. एकूण एक. पावसात साडीचा काठ उसवला ते. पोट बिघडलं ते. हेडची तांबडी रेघ. सगळं जगाला उघडं.

शेवटी गेस्टबुक. म्हणजे वाचणाऱ्यांनी अभिप्राय लिहायची जागा, कुणीही लिहावं. लोकांनी लिहिलंय. "किती साधं जीवन, डोळ्यांत पाणी आलं." "मातीचा वास आला." "काकूंच्या हातची भाकरी खायला यायचंय." "अमोल, यू आर सो लकी." एका बाईंनी तर काकूंसाठी साडी पाठवू का, विचारलंय.

मातीचा वास. ही माणसं इथून गेली तेव्हा हाच वास धुऊन गेली असतील.

त्याला मेल केली: न विचारता का टाकलं? लगेच उत्तर, जागाच होता. "सरप्राइज द्यायचं होतं. लोक रविवारची वाट बघतात. काकू तर स्टार आहेत." मग खाली, "एक सजेशन. गॅसऐवजी चूल लिहिलं तर चालेल?"

१२ ऑगस्ट, गुरु.

चार दिवस मनात त्याला शिव्या देतेय. चांगल्या सुचतात, शुद्ध मराठीत.

काकूंना सांगितलं, तुमच्याबद्दल अमेरिकेत वाचतात. "माझं काय वाचायचंय त्येस्नी?" तुमची भाकरी. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "तितं भाकरी मिळंना व्हय?"

२२ ऑगस्ट, रवि. सातारा

पुन्हा लिहिलं. हो, लिहिलं. का ते इथं तरी सांगते: मागल्या रविवारी झेंडावंदनामुळे गेले नव्हते, आणि आठवडाभर डोक्यात वाक्यं जुळत होती. जाधव सरांच्या डुलकीचं वाक्य तर दोनदा सुधारलं. त्या मातीच्या वासवाल्यांसाठी. ज्यांची मला कीव येते त्यांनी 'वा' म्हणावं म्हणून मी एस.टी.त उभी राहून साताऱ्याला येते. तेव्हा कीव कुणाची करायची ते ठरवायला हवं.

फक्त मुलांचं लिहायचं नाही असं ठरवलं. रेखाची आजी रेखाची आहे.

अ. खूश. त्याच्या पानाचं कुणीतरी तिकडच्या मराठी अंकात कौतुक छापलं. "आपल्या पानाचं" असं लिहितो आता.

१२ सप्टें., रवि.

इलेक्शन ड्यूटीत आठवडा गेला. ट्रेनिंगमध्ये शाई कुठल्या बोटाला लावायची हे तासभर शिकवलं, मग तहसीलदार स्वतःच चुकीचं बोट म्हणाले.

अ. न्यू जर्सीच्या मंडळाच्या गणपतीचा सेक्रेटरी झालाय. फोटो पाठवला, कुर्ता, कपाळाला टिळा, हातात ताट. माझ्या सासऱ्यांनी बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं राहून साखरपुड्यात बावीस प्रतिज्ञा म्हणून घेतल्या होत्या. गणपतीला देव मानणार नाही हीसुद्धा, हा शेजारी उभा राहून मोठ्यानं म्हणत होता. मी काही लिहिलं नाही. हौस असेल. परदेशात सणाला माणसं लागतात, हेही खरं.

१८ सप्टें., शनि.

कडेगावहून अण्णा आले, लेकीची खोली बघायला. शेंगा, गूळ, आईनं दिलेली चटणी. काकूंनी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, पोह्यांवर खोबरं घालून दिलं. भिंतीवर त्यांच्या मुलाचा वर्दीतला फोटो. अण्णा उठून जवळ गेले, हात मागे बांधून बघितला. "जवान चुस्त आहे. कुठं पोस्टिंग?" काकू खुलल्या. दोघांचं जमलं. बर्फ, सुट्टी, कँटीन, अण्णांची निम्मी हिंदी.

मग काकूंनी विचारलं, "तुमची पलटन कंची?"

अण्णांनी सांगितलं. पलटणीच्या नावातच आमची जात आहे. अण्णा ते नाव नेहमी छाती काढून सांगतात, तसंच सांगितलं.

काकू कपबश्या उचलत होत्या. हात थांबला. तेवढंच. मग "व्हय का" म्हणाल्या आणि आत गेल्या. अण्णा फोटोच बघत होते. त्यांना दिसलं नसेल. किंवा दिसलं असेल.

१९ सप्टें., रवि.

अण्णांना गाडीत बसवलं. साताऱ्याला गेले नाही. संध्याकाळी पाठ म्हणायला बसले. मधलं दार लावलेलं होतं. प्रश्न विचारला वर्गाला, सवयीनं. उत्तर नाही.

२१ सप्टें., मंगळ.

शाळेतून आले तर काकू अंगणात. माझ्याकडे न बघता, दोरीवरचे कपडे काढत, "पावनं येनार हायत आमचं. खोली लागंल." कधी येणार? "येतील." किती दिवस राहतील? "आता ऱ्हातीलच की."

मी म्हटलं, काकू, मला सरळ सांगा.

"आवं, मला काय न्हाई. मानसं बोलत्यात. भावकी हाय. तू लय गुनाची हायस गं, पर..." पुढचं कपड्यांत बोलल्या.

मला तिरस्कार करायला चांगला येतो, बीएडपासूनची सवय आहे. इथं तो नीट लागला नाही. राग आला, पण त्यांच्या हाताकडे बघत राहिले. माझाच टॉवेल घडी घालत होत्या.

२५ सप्टें., शनि.

दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये सुमनताई आहेत, नर्स. एकट्याच. त्यांच्याकडे आले. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, आम्ही बौद्ध. त्या इंजेक्शनच्या सुया उकळत होत्या. "बरं. कांदालसूण खाता ना? मग झालं." रेखा आणि आणखी दोघींनी माझं सामान आणलं. वाटेत कुणी काही विचारलं नाही. पोरांना आधीच माहीत असतं.

२६ सप्टें., रवि. सातारा

मोठी मेल. सगळं लिहिलं: अण्णा, फोटो, पलटण, थांबलेला हात, टॉवेल. काकूंना शिवी दिली नाही, चांगलं म्हटलं नाही. जे झालं ते. शेवटी सुमनताईंच्या सुया. आजवरचं सगळ्यांत चांगलं लिहिलंय, मला कळतं तेवढं. पाठवलं तेव्हा कदम मागे नव्हता. खिडकीपाशी होता, पाठ करून.

३ ऑक्टो., रवि. सातारा

पान उघडलं. मेल आहे. अण्णा आले, शेंगा, गूळ, खोबरं घातलेले पोहे, भिंतीवरचा फोटो, "जवान चुस्त आहे." मग एकदम, "संध्याकाळी अण्णांना गाडीत बसवलं."

मधलं नाही. पलटण नाही. हात नाही, टॉवेल नाही, सुमनताई नाहीत. सांधा इतका सफाईनं जुळवलाय की मीच दोनदा वाचलं. इतके दिवस वाटायचं, हा वाचतच नाही, नुसतं चिकटवतो. वाचतो. बारकाईनं वाचतो.

गेस्टबुकात: "दोन सैनिकांची कुटुंबं, एकच भारत." "काकूंना नमस्कार सांगा."

त्याची मेल वेगळी: "तो भाग पर्सनल होता म्हणून काढला. लोकांना काकू आवडतात. तू अजून तिथंच राहतेस असं चालू ठेवलं तर काय बिघडतं?"

कदमला माझं तोंड दिसलं असावं. चहा मागवला. दोघांना.

१० ऑक्टो., रवि. सातारा

आठवडाभर तयार होते. काढलेला मजकूर घरून कागदावर लिहून नेला, लाइन तुटली तर परत टाइप करायला सोपं. गेस्टबुक उघडलं. नावाच्या रकान्यात पूर्ण नाव, वडिलांसकट. गाव, मेढा. कडेगावही लिहिलं. खाली सगळं. शेवटी तीन वाक्यं नवी: 'हे पत्रात होतं. माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं काढलं. मी परत लावते आहे.'

दोनदा लाइन गेली. तिसऱ्यांदा पोचलं.

कदम म्हणाला, "मॅडम, आता?" आता एस.टी., म्हटलं.

१४ ऑक्टो., गुरु.

दवाखान्याच्या फोनवर अ. चा फोन. सुमनताई औषधाच्या कपाटापाशी गेल्या, पण ऐकू येतंच.

"हे काय केलंस तू? मंडळातली सगळी माणसं वाचतात ते पान."

म्हणून तर तिथं लिहिलं.

"मी कधी काही लपवलं नाही. मला कुणी विचारलं नाही."

विचारू नये म्हणून तर आजोबांचं जात सांगणारं आडनाव घरी ठेवून, नवं लावून गेलात. मग कात्री कशाला लावलीत?

"आणि तू? तू काकूंना सांगितलं होतंस, खोली घेताना?"

नव्हतं सांगितलं.

मग खरखर. मला वाटलं लाइन गेली. मग हळू आवाजात, "मी लहान असताना सांगलीत आम्हाला असंच काढलं होतं एका खोलीतून. आईनं मला स्टोव्ह धरायला दिला होता. रॉकेल हिंदकळत होतं, अंगावर सांडलं. रस्त्यावर सगळे बघत होते. ते मला चकली खात खात कुणी वाचायला नको आहे. कळतं का तुला? तुझं वाचताना मला रॉकेलचा वास आला."

मी म्हटलं, हे तू मला आधी का नाही सांगितलंस.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणाले.

१७ ऑक्टो., रवि. सातारा

गेस्टबुक बंद आहे. 'दुरुस्तीसाठी'. कदमनं मात्र त्याआधी बघितलं होतं, त्यानं सांगितलं. एकानं लिहिलं होतं, अशा विषयांनी वातावरण बिघडतं, इथं आपण सगळे मराठी. दुसऱ्यानं, काकूंची बाजूही समजून घ्यावी. साडीवाल्या बाईंनी काही नाही. आणि एकीनं, नाव नाही, गाव नाही: "माझंही. पंधरा वर्षं इथं आहे. कुणाला सांगितलं नाही. तुमचं वाचून दार लावून बसले."

कदमला म्हटलं, परत सांगा. त्यानं परत सांगितलं, तसंच.

बाकीच्यांची कीव करायला आता माझी अजिबात हरकत नाही.

९ नोव्हें., मंगळ. कडेगाव

सुट्टी. इथं सगळ्यांना कळलंय. सासूबाई सांगलीहून येऊन गेल्या. आईसमोर बसून म्हणाल्या, "शिकलेली सून मागितली होती, पण एवढी नको." आई रडली. नंतर भाजी निवडतानाही रडत होती. सासूबाईंना स्टोव्हचं विचारणार होते. विचारलं नाही. त्यांच्या हातात साखरपुड्यातल्याच बांगड्या होत्या.

अण्णांनी रात्रीचं जेवण झाल्यावर अंगणात बोलावलं. "तू लिवलंस त्ये खरं हाय?" हो. "वाढवून लिवलंस?" नाही. "मग खलास. रिपोर्ट बराबर हाय." मग थोड्या वेळानं, "पर पोरगा वाईट न्हाई गं. भ्यालेला हाय. भ्यालेला आन वाईट, दोन येगळं." मी म्हटलं, अण्णा, काकूंचा हात तुम्हाला दिसला होता का? ते म्हणाले, "पोहे चांगलं केलं हुतं तिनं."

५ डिसें., रवि.

अ. ची मेल. सात आठवड्यांनी. "महिनाअखेर येतोय. तारीख जानेवारीची तशीच ठेवली आहे, मोडायची असेल तर तू मोड." चूल, गॅस, काकू काही नाही. पहिल्यांदा पूर्ण मराठीत, इंग्रजी अक्षरांतच पण मराठीत. उत्तर दिलं नाही. सहामाहीचे उरलेले पेपर तपासले.

उद्या सहा डिसेंबर. हेडनी भाषण मला दिलंय. "तुम्हीच बोला मॅडम, तुम्हाला जास्त माहिती." प्रत्येक वर्षी ते कुणालाही देतात आणि कुणीच तयारी करत नाही. या वर्षी नेमकी माझी आठवण झाली. म्हटलं, पुढच्या वर्षी तुम्ही बोला, आत्तापासून वाचायला लागा. जाधव सर पेपरामागे हसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज आवडला.

२३ डिसें., गुरु. मेढा

शेवटच्या तासाला शिपाई आला, पाहुणे आलेत. अमोल. व्हरांड्यात उभा, नव्या बुटांवर तांबडी माती, खांद्याला कॅमेरा. हेड त्याला 'अमेरिकेतली शिक्षणपद्धती' विचारत होते आणि स्वतःच सांगत होते. मी तास पूर्ण घेतला. विरामचिन्हं होती. घाई केली नाही.

बाजारातून चालत निघालो. माणसं दारात येऊन बघत होती. तो म्हणाला, "मी आधी शिंदेकाकूंकडे गेलो होतो."

मी थांबले.

त्यानं सांगितलं. दार वाजवलं, अमेरिकेहून आलोय, बाईंचा होणारा नवरा. काकूंनी आत घेतलं, सतरंजी घातली, चहा केला. त्यांच्या मुलाचा फोटो दाखवला. बाई कशी आहे, विचारलं. "पाठ म्हनती का अजून मोठ्यांदा?" म्हणाल्या.

"मग मी सांगितलं त्यांना. म्हटलं, काकू, तुमच्या भाडेकरणीला ज्या कारणासाठी काढलंत, तोच मी. आमचं जुनं आडनावही सांगितलं."

मग?

"त्या बशी हातात तशीच धरून बसल्या. मी उठलो."

त्याला वाटत होतं मी काही बोलेन. चेहऱ्यावर दिसत होतं, परीक्षा देऊन आलेल्या पोराच्या असतं तसं. मी विचारलं, "चहा प्यायच्या आधी सांगितलंस की नंतर?"

तो चालायचा थांबला.

"नंतर."

मग आम्ही दवाखान्यापर्यंत चालत गेलो. सुमनताईंनी त्याला पिठलं-भाकरी वाढली, गॅसवरची. त्यानं खाली मान घालून खाल्लं. फोटो काढला नाही.

मी जास्त कडक वागले का? तो सात समुद्र ओलांडून त्या दारात गेला. माझ्याच्यानं अजून त्या गल्लीत जाववत नाही, लांबून फिरून शाळेत जाते. हे त्याला सांगितलं नाही.

२६ डिसें., रवि. सातारा–मेढा

तो साताऱ्यात लॉजवर उतरलाय. सकाळी क्लासमध्ये आधीच येऊन बसला होता. कदमनं त्याला खुर्ची पुसून दिली, अमेरिकेतला माणूस म्हणून, आणि मग मला बघून माझीही पुसली.

म्हणाला, "काढलेलं परत लावतो. तुझ्या जागी, तुझ्या पत्रातच. आणि खाली माझं लिहितो, स्टोव्हचं." मी म्हटलं, मी सांगितलं म्हणून नको. "नाही. तू तर काहीच सांगत नाहीस."

माझा मजकूर त्यानं लावला. तो मी बघितला, पूर्ण होता, टॉवेलसकट. मथळा बदलू का, विचारलं. तुझं पान आहे, तुला काय दिसतं ते लिही, म्हटलं. 'व्हिलेज गर्ल' खोडलं. रिकामी जागा तशीच ठेवली.

मग स्वतःचं लिहायला बसला. लाइन दुपारभर जात-येत राहिली. तो बोटं कीवर ठेवून बसलेला. मी खिडकीत. 'मी लहान असताना सांगलीत' एवढं लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. कदमला सांगितलं, तुम्ही जरा बाहेर जाता का. कदम गेला. मग माझ्याकडे बघितलं, तर मीही उठले. शेवटची सोयीची गाडी साडेपाचची, आणि नाहीतरी कुणाच्या पाठीमागे उभं राहून वाचायचा मला कंटाळा आलाय.

लग्नाचं तो बोलला नाही, मी बोलले नाही. जिन्यात म्हणाला, "थांबतेस का? झालं की दाखवतो." म्हटलं, झालं की टाक. मी पुढल्या रविवारी वाचते, सगळे वाचतात तसं.

गाडीला जागा मिळाली, खिडकीची. ड्रायव्हर चहाला गेला होता, वेळ होता. क्लासच्या खिडकीत ट्यूब लागलेली दिसत होती. कदम खाली पानटपरीवर उभा होता, मला बघून हात वर केला आणि वरच्या मजल्याकडे बोट दाखवून खांदे उडवले. अजून लिहितोय, किंवा अजून बसलाय.

गाडी सुटेपर्यंत तो खाली आला नाही.